इंजिनाच्या आकड्यांची नोंद: बेळगाव सीमाभागातील वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्वतःच्या गाडीकडे लक्ष देणारे लोक कमी नाहीत आणि आता अनेकांच्या हाती ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे साधन, आले आहे. ते जोडून बिघाडाचे कोड वाचणे सगळ्यांना जमते. मात्र चालत्या इंजिनाचे आकडे नोंदवून त्यांतून अर्थ काढणे हे शिकावे लागते. हे काम शिकू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

कोड वाचणे आणि आकड्यांची नोंद घेणे यांत फरक काय?

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, एखादी गोष्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावरच कोड नोंदवतो. मर्यादेच्या आत राहूनही गाडी नीट चालत नसेल, म्हणजे चढणीला दम धरत नसेल, मधूनच झटके देत असेल किंवा तिचे अ‍ॅव्हरेज पडले असेल, तर कोड मिळत नाही आणि मिस्त्री ‘गाडीत काही नाही’ असे सांगून मोकळा होतो. अशा वेळी आरपीएम, इंजिनाचे तापमान, आत जाणारी हवा, थ्रॉटल (हवेची झडप किती उघडली ते), इंधनाची दुरुस्ती हे आकडे गाडी चालू असताना वेळेच्या क्रमाने फाईलमध्ये साठवून नंतर शांतपणे पाहणे, याला नोंद घेणे किंवा लॉगिंग म्हणतात. नोंद घेताना ईसीयूकडून माहिती केवळ मागितली जाते; त्यात काहीही लिहिले जात नाही. ट्यूनिंगमध्ये मात्र ईसीयूतील तक्ते बदलले जातात. या दोन कामांतील सीमारेषा शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी.

माझ्या गाडीत हे चालेल का?

स्टिअरिंगच्या खाली, बहुधा फ्यूजच्या डब्याजवळ, सोळा पिनांचे समलंब आकाराचे सॉकेट असते. ते दिसले म्हणून प्रमाणित ओबीडी माहिती मिळेलच असे नाही. भारत स्टेज-४ या धुराच्या प्रदूषणाच्या नियमांनुसार प्रवासी गाड्यांसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ मध्ये आला. परंतु भारत स्टेज-४ देशभर सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१७ पासून. त्याआधीची गाडी असेल तर सॉकेट असूनही आतला संवाद कंपनीच्या स्वतःच्या भाषेत चालत असण्याची शक्यता असते आणि साधा स्कॅनर तेथे थांबतो. २०१७ नंतरच्या गाड्यांत ही अडचण फारशी येत नाही, आणि एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ गाड्यांत आकड्यांची संख्या आणखी वाढलेली दिसते.

सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या जागी पिना असतील तर गाडी बहुधा कॅन या नव्या, जलद संवादपद्धतीने बोलते, आणि या दोन जागा रिकाम्या असून ७ क्रमांकाची पिन असेल तर ती जुन्या के-लाइन पद्धतीने बोलते. के-लाइनवर माहिती फार सावकाश येते. साधन विकत घेण्यापूर्वी या पिना वाकून पाहून घ्याव्यात.

कोणते साधन घ्यावे?

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारी ब्लूटूथ साधने ही ‘ईएलएम ३२७’ या मूळ कॅनडातील चिपच्या नकला असतात. त्यांतली काही बरी चालतात, काही अर्ध्या आज्ञा ओळखतच नाहीत आणि मधूनच जोडणी सोडतात. शिकण्यासाठी अशा साधनाने सुरुवात करण्यास हरकत नाही, मात्र ते परत करता येईल अशा बोलीवर घ्यावे. अँड्रॉइड फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखी अ‍ॅप नोंद घेऊन सीएसव्ही, म्हणजे तक्त्याच्या स्वरूपातील, फाईल देतात. आयफोनवर जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ साधन चालत नाही. तेथे वायफायचे किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचे साधन लागते.

ट्यूनिंगसाठी बनवलेली साधने, उदाहरणार्थ एचपी ट्यूनर्सचे, नोंदीसाठी आणि बदलासाठी स्वतंत्र कार्यक्रम देतात. त्यांची नोंद वेगवान असते, कंपनीचे खास आकडेही त्यांत दिसतात आणि आरपीएम व भार यांच्या चौकटीत प्रत्येक घराची सरासरी मांडता येते. परंतु ही साधने प्रामुख्याने अमेरिकन गाड्यांभोवती वाढलेली आहेत. आपल्याकडच्या हॅचबॅकसाठी किंवा पिकअपसाठी ती घेण्यापूर्वी गाडीचे नाव, वर्ष आणि ईसीयूचा प्रकार त्यांच्या यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एका वेळी किती आकडे नोंदवावेत? अ‍ॅपमध्ये तर साठ-सत्तर दिसतात.

शिकणाऱ्यांची नोंद सर्वांत जास्त येथेच बिघडते, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे. स्कॅनर एकेक आकडा ईसीयूला विचारतो, उत्तराची वाट पाहतो आणि मग पुढचा विचारतो. साधे साधन सेकंदाला दहा उत्तरे आणते असे धरा. तुम्ही दहा आकडे निवडले, तर प्रत्येक आकडा सेकंदातून एकदाच मिळतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल, तर त्या एका सेकंदात ते ५० वेळा फिरलेले असते आणि चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात १०० ठिणग्या पडून गेलेल्या असतात. झटका पाव सेकंदाचा असेल, तर तो तुमच्या नोंदीत सापडणारच नाही. आणि तुम्ही मात्र ‘आकडे व्यवस्थित आहेत’ असे म्हणत बसाल.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. फाईलमधील एका ओळीतले आकडे एकाच क्षणाचे दिसतात, पण तसे ते नसतात. थ्रॉटलचा आकडा ओळीच्या सुरुवातीला विचारला गेला आणि मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाबाचा शेवटी, तर दोहोंत जवळजवळ एका सेकंदाचे अंतर पडते. पाय दाबल्यावर दाब उशिरा वाढला, असे त्यातून वाटू लागते आणि चांगल्या सेन्सरवर संशय जातो.

म्हणून आधी प्रश्न ठरवावा आणि त्या प्रश्नाला लागतील तेवढेच, चार ते सहा आकडे निवडावेत. आरपीएम प्रत्येक नोंदीत असावाच, कारण त्याच्याशिवाय बाकीच्यांना संदर्भ राहत नाही. इंजिनाच्या पाण्याचे तापमान हळू बदलते. साधनात सोय असेल तर ते पाच सेकंदांतून एकदा विचारावे आणि वाचलेला वेळ जलद बदलणाऱ्या आकड्यांना द्यावा. कॅन पद्धतीच्या गाडीत एकाच विनंतीत सहा आकड्यांपर्यंत मागण्याची सोय प्रमाणातच आहे. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ती सापडली आणि ईसीयूने ती मानली, तर वेग लक्षणीय वाढतो.

पहिली नोंद कशी आणि कुठे घ्यावी?

गाडी चांगली चालत असतानाच घ्यावी. गाडी बिघडल्यावर घेतलेल्या नोंदीची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न मग पडत नाही.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्या. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि नोंद सुरू करा. या क्षणी इंजिनाच्या पाण्याचे तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे, कारण रात्रीतून सगळे इंजिन बाहेरच्या हवेइतके थंड झालेले असते; दोहोंत मोठी तफावत असेल तर एक सेन्सर चुकीचा सांगतो आहे. मग सेल्फ मारा आणि बॅटरीचा व्होल्टेज किती खाली जातो ते नोंदीत येऊ द्या. गाडी चालू झाल्यावर जागेवरच पाच मिनिटे ठेवा, नंतर वर्दळ नसलेल्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये एकाच वेगाने काही मिनिटे चालवा, आणि शेवटी गरम इंजिन पुन्हा जागेवर चालू ठेवा. टिळकवाडीचे रेल्वे गेट पडलेले असताना गाडी नाइलाजाने चालू ठेवावी लागली, तर तीही गरम इंजिनाच्या आयडलची, म्हणजे जागेवर चालण्याची, चांगली नोंद असते. पंखा कोणत्या तापमानाला लागतो आणि कोणत्या तापमानाला थांबतो हे तेथे स्पष्ट दिसते.

गाडी चालवणारा आणि आकडे पाहणारा हे दोघे वेगळे असावेत. एकट्याने जायचे असेल तर नोंद उभ्या गाडीत सुरू करावी, फोन ठेवून द्यावा आणि थांबल्यावरच पाहावा. साधनाची वायर पायाजवळ लोंबत असेल तर ती आधी बांधून घ्यावी.

इंजिन बंद असताना एमएपी सेन्सर ९२ दाखवतो, १०१ नाही. सेन्सर गेला का?

नाही. एमएपी म्हणजे मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा सेन्सर. हा प्रश्न आपल्या भागात नेहमी येतो, कारण शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत समुद्रसपाटीचे आकडे सांगितलेले असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब साधारण ९२ ते ९३ किलोपास्कल असतो. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब असतो, म्हणून सेन्सर ९२ दाखवतो तेव्हा तो खरे तेच सांगतो. उलट बेळगावात त्याने १०१ दाखवले तर शंका घ्यावी.

याची खात्री करून घेण्याची उत्तम सोय आपल्या दाराशी आहे. जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून साखळीकडे जाताना घाटमाथ्यावर एकदा आणि पायथ्याशी एकदा गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करून चावी ऑन करा आणि दाबाचा आकडा पाहा. खाली तो १०० च्या जवळ आलेला दिसेल. सेन्सरची चाचणी घेण्याची याहून स्वस्त रीत मला माहीत नाही. याच कारणाने टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेले इंजिन आपल्याकडे पूर्ण थ्रॉटलला ९० च्या आसपासच दाब दाखवते आणि किनाऱ्यावरच्या तुलनेत त्याची शक्ती सुमारे सात-आठ टक्क्यांनी कमी भरते. गोव्याहून आलेल्या मित्राच्या नोंदीशी आपली नोंद ताडून पाहताना हे विसरू नये.

फ्युएल ट्रिमचे आकडे कसे वाचावेत?

पेट्रोल इंजिनात ऑक्सिजन सेन्सरकडून धुराची खबर मिळते आणि त्यानुसार ईसीयू इंधन थोडे वाढवतो किंवा कमी करतो. क्षणोक्षणी होणारी दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि सवयीने ठरलेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म ट्रिम. दोहोंची बेरीज पाहावी. अधिक आकडा म्हणजे ईसीयूला इंधन वाढवावे लागत आहे, उणे आकडा म्हणजे कमी करावे लागत आहे. बेरीज पाच टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहावे. ती सतत दहाच्या पुढे असेल तर कारण शोधावे.

आकडा कोणत्या परिस्थितीत वाढतो, यातच निदान असते. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत जागेवर बेरीज +१४ आणि २,५०० आरपीएमवर +३ दिसली, तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी पाइप फाटून न मोजलेली हवा आत जात असण्याची शक्यता मोठी असते. इंजिन जास्त हवा घेऊ लागले की त्या गळतीचा वाटा कमी होतो, म्हणून आकडा खाली येतो. याउलट जागेवर +२ आणि चढावर +१५ दिसली, तर पेट्रोलचा दाब कमी पडणे, फिल्टर तुंबणे किंवा एमएएफ मळणे याकडे पाहावे. मात्र आपल्या रस्त्यांवरच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतोच. त्या एमएपीवरून हवेचा हिशेब करतात. तेथे गळतीची हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडल मात्र चढलेले राहते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता वरचा नियम लावला, तर धडधाकट पाइप बदलले जातात.

पेट्रोलचाही परिणाम होतो. दहा टक्के इथेनॉलवरून वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर गेल्यास जुन्या गाडीचा लाँग टर्म ट्रिम तीन-चार टक्क्यांनी वर सरकणे स्वाभाविक आहे, कारण इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. सीमाभागात दर पाहून कधी कर्नाटकातल्या तर कधी महाराष्ट्रातल्या पंपावर टाकी भरण्याची पद्धत आहे. म्हणून कोणत्या पंपावर, कधी इंधन भरले हे नोंदीसोबत लिहून ठेवावे.

डिझेल पिकअप घाटात ओढत नाही. नोंदीत काय पाहावे?

आरपीएम, अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती, मॅनिफोल्डचा दाब आणि इंधनाच्या रेलचा (नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचा) दाब हे चार आकडे घ्यावेत. साधन देत असेल तर रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब असे दोन्ही घ्यावेत, कारण एकटा आकडा फार थोडे सांगतो.

नोंद चढावरच झाली पाहिजे, आणि शक्यतो भरलेल्या गाडीने. बेळगावहून भाजी घेऊन गोव्याला जाणारी गाडी चोर्ला घाट भरलेली उतरते आणि रिकामी चढते. त्यामुळे तिची तक्रार येताना दिसत नाही आणि कोल्हापूरच्या वाटेवर वंटमुरी घाटात अचानक दिसते. तेव्हा नोंदीसोबत गाडीत किती माल होता हे लिहिलेले असावे.

समजा, भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढते आहे, पाय पूर्ण दाबलेला आहे आणि आरपीएम २,२०० आहे. ईसीयू रेलमध्ये १,२०० बार मागतो आहे. सुरुवातीला तेवढे मिळतात, मग प्रत्यक्ष आकडा १,१००, १,०००, ९०० असा घसरत जातो आणि काही सेकंदांनी आरपीएम पडू लागतो. येथे मागणी आणि पुरवठा यांतली दरी आधी वाढली व शक्ती नंतर पडली, म्हणून संशय इंधनाच्या वाटेवर जातो. अशा वेळी सर्वांत आधी डिझेल फिल्टर आणि त्यातले पाणी पाहावे. खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच. हाय प्रेशर पंपावर किंवा नोझलवर खर्च करण्याचा विचार त्यानंतर करावा. रेलचा दाब मागणीप्रमाणे टिकला आणि मॅनिफोल्डचा दाब मात्र चढला नाही, तर टर्बोकडे जाणारे होज, इंटरकूलर आणि टर्बोचे नियंत्रण तपासावे.

टर्बोचा खरा दाब हवा असेल, तर मॅनिफोल्डच्या आकड्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करावा लागतो: १९० दिसत असेल तर आपल्याकडे बूस्ट सुमारे ९८ किलोपास्कल. आणखी एक सूचना: ओबीडीच्या नेहमीच्या प्रमाणित आकड्यात हा दाब २५५ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण त्याला एकच बाइट दिलेला आहे. नोंदीत तो २५५ वर सपाट रेघेसारखा अडकलेला दिसला तर तो आकड्याच्या मर्यादेचा परिणाम असू शकतो, बिघाडाचा पुरावा नव्हे.

नोंदीवरून मी स्वतः ट्यूनिंग करू शकतो का?

नोंद वाचता येणे ही ट्यूनिंगची पहिली अट आहे, पण ती एकमेव अट नाही. पूर्ण थ्रॉटलला बहुतेक पेट्रोल इंजिने ऑक्सिजन सेन्सरच्या दुरुस्तीवर अवलंबून राहत नाहीत, म्हणून त्या वेळी फ्युएल ट्रिम पाहून मिश्रण योग्य आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो. नॉक, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट, झाल्यामुळे ईसीयूने इग्निशन (ठिणगीची वेळ) किती मागे घेतले, हेही साध्या स्कॅनरच्या प्रमाणित आकड्यांत मिळत नाही. हे दोन्ही दिसत नसताना इग्निशन पुढे ओढणे म्हणजे पिस्टन पणाला लावणे होय, आणि एप्रिल-मेच्या उन्हात आत जाणारी हवा तापलेली असताना तर हा धोका अधिक वाढतो.

यात कायद्याची किंवा वॉरंटीची काही अडचण आहे का?

आकडे वाचण्याने गाडीत बदल होत नाही. ईसीयूतील तक्ते बदलणे मात्र वेगळे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी केए-२२ ची असो, केए-२३ ची असो की एमएच-०९ ची, हा कायदा केंद्राचा असल्याने तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. डीपीएफ किंवा ईजीआर या प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणा बंद करून देतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. तो धूर आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या नाकात जातो. वॉरंटीतील गाडीबाबत हेही लक्षात घ्यावे की अनेक ईसीयू आपल्यात किती वेळा नवे लेखन झाले याची मोजणी ठेवतात.

इंजिन लाइट लागली आहे. आधी कोड पुसून मग नोंद घेऊ का?

पुसू नये. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते, म्हणजे बिघाडाच्या क्षणीचे आरपीएम, वेग, तापमान आणि भार. कोड पुसला की तीही जाते, अनेक गाड्यांत शिकलेला फ्युएल ट्रिम शून्यावर येतो आणि ईसीयूच्या स्वयंचाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग फ्रीझ फ्रेममधली परिस्थिती, म्हणजे तोच वेग, तोच भार, शक्य तर तोच रस्ता, पुन्हा निर्माण करून नोंद घ्यावी.

फाईल कशी पाहावी आणि मिस्त्रीला कशी द्यावी?

सीएसव्ही फाईल कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. आकड्यांच्या रकान्यांकडे पाहत बसण्यापेक्षा वेळ आडव्या अक्षावर घेऊन दोन-दोन आकड्यांचे आलेख काढावेत. आरपीएम आणि इंजिनाचे तापमान एकाच उभ्या मापावर घेतले तर तापमानाची रेघ तळाशी सपाट दिसते, म्हणून दुसऱ्या अक्षाचा उपयोग करावा. रिकाम्या जागा दिसल्या तर त्या शून्य समजू नयेत. तेथे उत्तर आलेले नसते.

फाईलच्या नावात तारीख, गाडी आणि रस्ता असावा, आणि सोबत एसी चालू होता का, माल किती होता, टाकी कुठे भरली आणि तक्रार फाईलमधील कितव्या मिनिटाला जाणवली, एवढे लिहावे. उद्यमबागेतल्या किंवा निपाणीतल्या गॅरेजमध्ये चाळीस मिनिटांची फाईल पाहायला कोणालाही सवड नसते. ‘बाराव्या मिनिटाला पाहा, रेलचा दाब पडतो’ असे सांगितले तर जाणता मिस्त्री लगेच फोन हातात घेतो.

साधन गाडीला कायमचे जोडून ठेवले तर चालते का?

ठेवू नये. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेला चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो, त्यामुळे बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी उतरू शकते. शिवाय स्वस्त साधनांचा ब्लूटूथ पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो आणि जवळ उभा असलेला कोणीही त्याला जोडू शकतो. नोंद झाली की चावी बंद करून साधन काढावे आणि सॉकेटचे झाकण लावावे.